अवरक्त तंतु-लेसर : ऊतींचे छेदन आणि रक्तस्तंभन

शल्यचिकित्सकास एकाच वेळी दोन कामे साधावी लागतात. एक, ऊती दुभागणे. आणि दुसरे, दुभागलेल्या ऊतींतून वाहू लागलेले रक्त थांबविणे. पोलादी पात्याला पहिले काम उत्तम साधते. दुसरे मुळीच साधत नाही. उलट, पाते जितके तीक्ष्ण तितका रक्तस्राव मोकळा, असाच अनुभव आहे. दुसऱ्या कामासाठी माणसाने फार प्राचीन काळापासून अग्नीचा आश्रय घेतला. सुश्रुतसंहितेत रक्तस्राव थांबविण्याचे संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय सांगितले असून, पहिले तीन निष्फळ ठरल्यावरच दहनाचा, म्हणजे डाग देण्याचा, अवलंब करावा असा क्रम लावून दिलेला आहे. या क्रमामागील विवेक स्पष्ट आहे. अग्नी रक्त थांबवितो, परंतु त्याबरोबर जिवंत ऊतींचाही नाश करतो. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने तप्त लोखंडाऐवजी दोऱ्याने रक्तवाहिन्या बांधण्याचा पुरस्कार केला तो याच कारणासाठी. पुढे १९२६ मध्ये बोस्टन येथे विल्यम बोव्ही या शास्त्रज्ञाने तयार केलेले उच्च वारंवारतेच्या विद्युत्प्रवाहाचे उपकरण हार्वी कुशिंग याने मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले, आणि छेदन व दहन ही दोन्ही कामे एकाच साधनाने होऊ लागली. परंतु विजेचा प्रवाह शरीरात कोणत्या वाटेने जाईल हे पूर्णपणे चिकित्सकाच्या स्वाधीन नसते.

प्रकाशाची गोष्ट वेगळी आहे. त्याची उष्णता किती खोलवर जावी हे तरंगलांबीच्या निवडीने आधीच ठरविता येते. अवरक्त प्रकाश देणाऱ्या तंतु-लेसरांना, विशेषतः १.९४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या थुलियम तंतु-लेसराला, शल्यकर्मात जे स्थान मिळाले आहे त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे. ही निवड कशी होते, तीमागे कोणती गणिते आहेत आणि तिच्या मर्यादा कोणत्या, यांचा विचार पुढे केला आहे.

उष्णतेचे ऊतींवरील परिणाम

मऊ ऊतींत वजनाने सुमारे ७० ते ७५ टक्के पाणी असते; उरलेला मुख्य भाग प्रथिनांचा. उष्णतेचे परिणाम या दोन घटकांच्या गुणधर्मांवरून समजतात. तापमान ६० अंश सेल्सियसच्या आसपास पोचले की प्रथिनांची घडण बिघडते. अंडे उकडले असता त्यातील पांढरा बलक पारदर्शकता सोडून घट्ट होतो, तोच हा फरक होय. याला साकळणे म्हणतात. रक्तवाहिन्यांच्या भित्तींत कोलॅजेन हे प्रथिन विपुल असते. ते तापले की आखडते, वाहिनीचे तोंड आवळले जाते आणि आतील रक्त साकळून तेथे बूच बसते. उष्णतेने होणारे रक्तस्तंभन ते हेच. तापमान १०० अंशांपर्यंत गेले की पाण्याची वाफ होऊ लागते. ती ऊती फोडून बाहेर पडते व तेथे पोकळी, म्हणजेच छेद, निर्माण होतो. सर्व पाणी निघून गेल्यावर मात्र तापमानास आवर राहत नाही. ते झपाट्याने चढते आणि ऊतींचा कोळसा होतो.

केवळ तापमान सांगून हे वर्णन पुरे होत नाही. काळही सांगावा लागतो. मोरित्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्वचेच्या भाजण्यासंबंधीच्या प्रयोगांत असे दिसून आले की, ४४ अंश तापमानास त्वचेला कायमची इजा होण्यास सुमारे सहा तास लागतात, तर ७० अंशांच्या वर एक सेकंदही पुरे होतो. ऊतींचा नाश ही एक रासायनिक प्रक्रिया असून तिचा वेग तापमानाबरोबर अतिशय त्वरेने वाढतो, हे या प्रयोगांवरून निश्चित झाले.

आता ऊर्जेचा हिशेब पाहावा. सोयीसाठी ऊती म्हणजे पाणीच असे मानू. एक घन मिलिमीटर पाणी ३७ अंशांपासून ६० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ०.१ ज्यूल ऊर्जा लागते. तेच १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ०.२६ ज्यूल आणि त्याची संपूर्ण वाफ करण्यास सुमारे २.५ ज्यूल लागतात. म्हणजे साकळविण्यास एक भाग ऊर्जा लागत असेल, तर छेदण्यास पंचवीस भाग लागतात. या साध्या गुणोत्तराकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. परंतु सर्व उष्णताशल्याचे मर्म त्यात आहे. छेदन करताना शंभरातील केवळ चार भाग ऊर्जा आजूबाजूस झिरपली, तरी जेवढी ऊती काढून टाकली तेवढीच आणखी ऊती मृत करण्यास ती पुरेशी ठरते. छेद स्वच्छ ठेवणे कठीण असते, आणि रक्त थांबविण्यास थोडीशी गळती पुरते, या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. म्हणून गळती असू नये असा प्रश्न नसून ती किती असावी असा प्रश्न असतो.

पाणी हेच लक्ष्य

प्रकाश ऊतींत शिरला म्हणजे त्याची तीव्रता खोलीबरोबर घटत जाते. ज्या खोलीवर ती मूळच्या सुमारे ३७ टक्के उरते, तिला शोषण-खोली म्हणता येईल. दृश्य प्रकाशाला पाणी जवळजवळ पारदर्शक आहे. परंतु अवरक्त विभागात पाण्याच्या रेणूंची कंपने प्रकाश शोषू लागतात आणि शोषण-खोलीत प्रचंड फरक पडतात. १.०६ मायक्रोमीटरला, म्हणजे निओडिमियम-यॅग लेसराच्या तरंगलांबीला, शुद्ध पाण्यातील शोषण-खोली कित्येक सेंटिमीटर आहे. ऊतींत प्रकीर्णनामुळे व रक्तातील शोषणामुळे ती काही मिलिमीटरांवर येते. २.१ मायक्रोमीटरच्या होल्मियम-यॅग लेसराची पाण्यातील शोषण-खोली सुमारे ०.४ मिलिमीटर आहे. १.९४ मायक्रोमीटरला पाण्याच्या शोषणाचे एक शिखर असून तेथे ती सुमारे ०.०८ मिलिमीटर होते. कार्बन डायऑक्साइड लेसराच्या १०.६ मायक्रोमीटरला ती सुमारे ०.०१२ मिलिमीटर, तर एर्बियम-यॅग लेसराच्या २.९४ मायक्रोमीटरला केवळ ०.००१ मिलिमीटर इतकी अल्प आहे.

या यादीची दोन टोके शल्यशास्त्राने प्रथम वापरून पाहिली. १९६० मध्ये थिओडोर मेमन याने पहिला, माणकाचा लेसर सिद्ध केल्यावर चार वर्षांच्या आतच बेल प्रयोगशाळेत निओडिमियम-यॅग आणि कार्बन डायऑक्साइड हे दोन्ही लेसर तयार झाले. यांपैकी दुसऱ्याचे जनक कुमार पटेल हे मूळचे बारामतीचे असून त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात झाले होते, ही गोष्ट महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना विशेष जवळची वाटावी. कार्बन डायऑक्साइड लेसर हे जणू प्रकाशाचे पातेच ठरले. १९७२ मध्ये जॅको आणि स्ट्राँग यांनी बोस्टन येथे स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेत त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. त्याचा छेद अतिशय नाजूक. परंतु साकळणारा थर इतका पातळ की सुमारे अर्ध्या मिलिमीटरहून मोठी वाहिनी तो बंद करू शकत नाही. निओडिमियम-यॅगचे याच्या उलट. तो कित्येक मिलिमीटर खोलवर ऊती साकळवितो, म्हणून १९७० च्या दशकात जठरातील रक्तस्राव दुर्बिणीतून थांबविण्यासाठी तो वापरला गेला. परंतु छेदनास तो मंद, आणि त्याने मृत केलेल्या ऊतींची खरी सीमा त्या वेळी डोळ्यांना दिसत नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी प्रोस्टेट ग्रंथीची वाढ याच लेसराने साकळविण्याची पद्धती काही काळ प्रचारात आली. रक्तस्राव अत्यल्प होई. पण मृत ऊती जागीच राहून हळूहळू गळून पडत, आणि रुग्णाला कित्येक आठवडे मूत्रनलिका बाळगावी लागे. एक लेसर कापतो पण रक्त थांबवीत नाही, दुसरा रक्त थांबवितो पण कापीत नाही, अशी ही कोंडी होती.

काळाचे परिमाण

शोषण-खोली हे अर्धेच उत्तर झाले. शोषलेली उष्णता तेथेच थांबत नाही. ती वहनाने पुढे सरकते. पाण्याची उष्णता-विसरणीयता दर सेकंदास ०.१४ वर्ग मिलिमीटर आहे. शोषण-खोलीचा वर्ग करून त्यास विसरणीयतेच्या चौपटीने भागले असता तापलेला थर निवण्यास लागणारा काळ मिळतो. त्यास निवण-काळ असे नाव देऊ. येणेप्रमाणे एर्बियम-यॅगचा निवण-काळ सुमारे २ मायक्रोसेकंद, कार्बन डायऑक्साइडचा पाव मिलिसेकंद, १.९४ मायक्रोमीटरच्या थुलियम लेसराचा सुमारे १२ मिलिसेकंद, आणि होल्मियमचा सुमारे ०.३ सेकंद निघतो.

अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये त्वचेच्या उपचारांसंदर्भात जे तत्त्व मांडले त्याचा सारांश असा की, ऊर्जा निवण-काळापेक्षा कमी वेळात दिली तर इजा शोषणाच्या स्थानापुरतीच मर्यादित राहते. त्याहून अधिक वेळ घेतल्यास उष्णता शेजारी पसरते. हे तत्त्व लक्षात घेतले म्हणजे थुलियमच्या १२ मिलिसेकंदांचे महत्त्व कळते. हा काळ फार लहान नाही आणि फार मोठाही नाही. विद्युत्-नियंत्रणाने लेसराचे स्पंद त्याहून आखूड किंवा लांब करणे सहज शक्य असते. आखूड स्पंदांनी छेदन, लांब स्पंदांनी अथवा अखंड किरणांनी साकळण, अशी निवड एकाच उपकरणावर करता येते.

उष्णतेची मजल काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, हेही येथे नोंदविणे अवश्य आहे. एका शतांश सेकंदात ती सुमारे ०.०७५ मिलिमीटर जाते, एका सेकंदात ०.७५ मिलिमीटर, तर चार सेकंदांत दीड मिलिमीटर. तात्पर्य, किरण एकाच जागी किती वेळ रेंगाळला यावर मृत थराची जाडी ठरते. आणि हा वेळ अखेर चिकित्सकाच्या हाताच्या गतीवर अवलंबून असतो.

तंतूचा मार्ग

तरंगलांबी योग्य असली तरी तो प्रकाश शरीराच्या आत पोचविला गेला पाहिजे. १९५४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेऊन दाखविली, तेव्हापासून शरीराच्या अंतर्भागात प्रकाश नेण्याचा मार्ग खुला झाला. परंतु सिलिका काच प्रत्येक प्रकाशाला वाट देत नाही. सुमारे २.२ मायक्रोमीटरच्या पुढे तिची पारदर्शकता झपाट्याने घटते. कार्बन डायऑक्साइड लेसराचा किरण म्हणूनच दीर्घ काळ सांध्यासांध्यांवर आरसे बसविलेल्या हातातून न्यावा लागे. त्यासाठी पुढे पोकळ तंतू निघाले. तथापि ते सिलिका तंतूंइतके बारीक व सोशीक नाहीत.

या मर्यादेमुळे प्रश्न अगदी नेमका होतो. सिलिकाच्या वाटेने जाणारा, तरीही पाण्यात तत्काळ शोषला जाणारा प्रकाश कोणता? सिलिकाची पारदर्शकता संपण्यापूर्वी पाण्याच्या शोषणाचे जे शेवटचे उंच शिखर येते ते १.९४ मायक्रोमीटरवर आहे. शल्यकर्माच्या दृष्टीने हा एक निसर्गदत्त योगच म्हटला पाहिजे.

तंतू केवळ प्रकाशाचा वाहक न राहता स्वतःच लेसर होऊ शकतो, ही कल्पनाही जुनीच आहे. अमेरिकन ऑप्टिकल या संस्थेतील एलायस स्नित्झर याने १९६१ मध्ये निओडिमियम मिसळलेल्या काचेचा लेसर सिद्ध केला, आणि १९६४ मध्ये चार्ल्स कोस्टर व स्नित्झर यांनी तशाच काचतंतूत प्रकाशाचे प्रवर्धन होते हे दाखविले. हाच कोस्टर १९६१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क येथे चार्ल्स कॅम्बेल या नेत्रतज्ज्ञाबरोबर माणकाच्या लेसराने रुग्णाच्या दृष्टिपटलावरील गाठ नष्ट करण्याच्या प्रयोगात सहभागी होता. म्हणजे तंतु-लेसर आणि लेसर-शल्य या दोन धारांचा उगम एकमेकींच्या इतका निकट होता. त्यांचा संगम व्हावयास मात्र चाळीस वर्षे लागली. विरल मृदा मूलद्रव्ये मिसळलेले परंतु प्रकाशाचा अत्यल्प ऱ्हास करणारे तंतू १९८० च्या दशकाच्या मध्यास साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केले. त्यानंतर लवकरच दुहेरी आवरणाच्या तंतूची युक्ती निघाली. तीत केशासारख्या बारीक गाभ्याभोवती एक रुंद पारदर्शक आवरण असते. डायोड-लेसरांचा विस्कळित प्रकाश या आवरणात भरला जातो, तो वारंवार गाभ्याला ओलांडतो आणि तेथील आयनांना उत्तेजित करतो. त्यातून जो लेसर-किरण निघतो तो मात्र गाभ्याच्या बारीक वाटेनेच बाहेर पडतो. स्वस्त व विखुरलेल्या प्रकाशाचे शुद्ध व एकवटलेल्या प्रकाशात रूपांतर करण्याचे हे यंत्र होय.

थुलियमचे वैशिष्ट्य

थुलियम हे मूलद्रव्य १८७९ मध्ये पेर टेओडोर क्लेव्हे या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने शोधले. सिलिकातील त्याचे आयन ०.७९३ मायक्रोमीटरचा डायोड-प्रकाश शोषून वरच्या ऊर्जापातळीस जातात आणि अखेर २ मायक्रोमीटरच्या आसपासचा प्रकाश देतात. सामान्यतः एका शोषित प्रकाशकणामागे एक उत्सर्जित प्रकाशकण मिळतो. तसे झाले तर येथे कार्यक्षमता ४१ टक्क्यांपलीकडे जाऊ शकणार नाही. कारण दोन तरंगलांबींचे गुणोत्तरच तितके आहे. परंतु थुलियमचे आयन पुरेसे दाट असल्यास एक लक्षणीय घटना घडते. वर गेलेला आयन आपल्या ऊर्जेचा निम्मा भाग तळाशी असलेल्या शेजाऱ्याला देतो, आणि दोघेही लेसर-क्रियेला उपयोगी पडणाऱ्या मधल्या पातळीवर येऊन बसतात. एकाच्या खर्चात दोन प्रकाशकण मिळतात आणि तात्त्विक मर्यादा ८२ टक्क्यांपर्यंत सरकते. काही वैद्यकीय उपकरणांत याऐवजी एर्बियम तंतु-लेसराच्या प्रकाशाने थुलियमला उत्तेजन दिले जाते.

या कार्यक्षमतेचे व्यावहारिक परिणाम मोठे आहेत. क्षणदीपांनी उत्तेजित होणारा होल्मियम-यॅग लेसर आपल्या विद्युत्-ऊर्जेचा फारच थोडा अंश प्रकाशात बदलतो. उरलेल्या उष्णतेसाठी त्याला पाण्याची शीतन-व्यवस्था लागते. तंतु-लेसराची उष्णता त्याच्या सर्व लांबीभर वाटली जात असल्याने पंख्याची हवा पुरते, आणि उपकरण साध्या विद्युत्-जोडणीवर चालते. शिवाय त्याचा किरण इतका एकवटलेला असतो की तो ०.०५ ते ०.१५ मिलिमीटर गाभ्याच्या तंतूतही घालता येतो. होल्मियमसाठी व्यवहारात सुमारे ०.२ मिलिमीटर ही खालची मर्यादा मानली जाते. तंतू जितका बारीक तितकी दुर्बीण अधिक वाकते आणि तिच्यातून धुण्याचे पाणीही अधिक वाहते.

एका उदाहरणाचा हिशेब

वरील विवेचन आकड्यांनी तपासून पाहणे उपयुक्त ठरेल. ४० वॅट शक्तीचा, १.९४ मायक्रोमीटरचा अखंड किरण ०.४ मिलिमीटर व्यासाच्या तंतूतून ऊतींवर टेकवून सोडला आहे असे समजा. टोकाचे क्षेत्रफळ ०.१२६ वर्ग मिलिमीटर. म्हणून दर वर्ग मिलिमीटरला सुमारे ३२० वॅट पडतात. पाण्याच्या शोषणाच्या मानाने पृष्ठभागाजवळील प्रत्येक घन मिलिमीटरला सुमारे ३८०० वॅट या वेगाने ऊर्जा मिळते. संपूर्ण वाफेसाठी २.५ ज्यूल लागत असल्याने हे काम ०.७ मिलिसेकंदाच्या आत होते. निवण-काळ १२ मिलिसेकंद असल्याने उष्णतेस पळून जाण्यास अवसरच मिळत नाही. परिणाम छेदनाचा होतो.

आता तोच तंतू हवेत ५ मिलिमीटर मागे घ्यावा. किरण शंकूप्रमाणे फाकतो आणि साधारण प्रतीच्या तंतूसाठी ठशाचा व्यास सुमारे २.६५ मिलिमीटर होतो. दर वर्ग मिलिमीटरला आता केवळ ७ वॅट पडतात. पृष्ठभाग ६० अंशांस पोचण्यास सुमारे एक मिलिसेकंद आणि १०० अंशांस पोचण्यास तीन मिलिसेकंद पुरतात. पण संपूर्ण वाफ होण्यास सुमारे २९ मिलिसेकंद हवेत. हा काळ निवण-काळाच्या दुपटीहून अधिक असल्याने दरम्यान उष्णता खाली झिरपत राहते आणि किरण फिरता ठेवल्यास परिणाम मुख्यतः साकळण्याचा होतो. म्हणजे तरंगलांबी किंवा शक्ती न बदलता, केवळ हात ५ मिलिमीटर मागे घेऊन, पात्याचे रूपांतर डाग देण्याच्या साधनात होते. प्रत्यक्ष ऊतींत पाणी शुद्ध नसते आणि तापल्यावर पाण्याचे शोषण-शिखर किंचित आखूड तरंगलांबीकडे सरकते, त्यामुळे या आकड्यांत फरक पडतो. परंतु तुलनेचा निष्कर्ष कायम राहतो.

शस्त्रक्रियागृहातील उपयोग

या प्रकारच्या लेसरांचा सर्वांत विस्तृत उपयोग मूत्रमार्गाच्या शल्यकर्मात झाला आहे. न्यूझीलंडमधील पीटर गिलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात होल्मियम लेसराने प्रोस्टेटची वाढलेली ग्रंथी तिच्या वेष्टनापासून, संत्र्याची फोड सालीपासून सुटावी त्याप्रमाणे, सोडविण्याची पद्धती रूढ केली. हीच पद्धती पुढे थुलियम लेसरांनीही अवलंबिली जाऊ लागली. होल्मियमचा स्पंद अतिशय तीव्र असतो. एक ज्यूल ऊर्जा ०.३ मिलिसेकंदात सुटली तर शिखर-शक्ती तीन किलोवॅटच्या वर जाते. पाण्यात बुडबुडा फुटतो आणि त्याच्या धक्क्याने ऊती फाटत, सुटत जातात. थुलियमचा अखंड किरण धक्का न देता वाफ करीत पुढे जातो; त्याचा छेद अधिक सरळ आणि क्षेत्र अधिक स्थिर राहते. एकध्रुवी विद्युत्-शल्यात वीज न वाहणारा द्रव वापरावा लागतो, आणि तो रक्तात शोषला गेल्यास सोडियमचे प्रमाण घातक रीतीने घटू शकते. लेसराला हे बंधन नाही. साध्या लवणजलात काम चालते. रक्त पातळ ठेवणारी औषधे ज्यांना थांबविता येत नाहीत, अशा वृद्ध हृद्रोग्यांच्या बाबतीत या गोष्टीचे मोल विशेष आहे.

लवणजलाखाली काम करताना आणखी एक संरक्षण मिळते. १.९४ मायक्रोमीटरचा किरण एक मिलिमीटर स्थिर पाण्यातून गेला तर त्याचा एक लक्षांश भागही उरत नाही. तंतू ऊतींपासून दूर असताना चुकून किरण सुटला, तरी समोरची भिंत सहसा सुरक्षित राहते. मात्र बुडबुड्याच्या वाफेतून त्याला काहीशी पुढची वाट मिळते, हे विसरता कामा नये.

थुलियम तंतु-लेसराचे मूत्रमार्गातील ऊतींवर आणि मूतखड्यांवर होणारे परिणाम अमेरिकेत नॅथॅनियल फ्रीड यांनी २००५ पासून प्रसिद्ध केले. आज सुमारे ५०० वॅट शिखर-शक्तीचे स्पंद देणारी उपकरणे वापरात असून, मूतखड्याचे बारीक चूर्ण करण्याचे कामही तीच करतात. स्वरयंत्रातही तंतूच्या सोयीमुळे हा लेसर कार्बन डायऑक्साइड लेसराच्या जोडीला आला आहे. परंतु स्वररज्जूच्या कंप पावणाऱ्या थराची जाडीच इतकी अल्प असते की तेथे अधिक साकळणे हा गुण न ठरता दोष ठरतो, आणि अनेक चिकित्सक तेथे जुनाच किरण पसंत करतात. कोणता लेसर श्रेष्ठ, हा प्रश्न अवयवाचे नाव घेतल्याशिवाय विचारता येत नाही.

मर्यादा आणि धोके

पहिली मर्यादा रक्तवाहिनीच्या आकाराची. साकळलेल्या थराच्या जाडीशी तुलना करता ज्या वाहिन्या लहान आहेत त्या बंद होतात. मोठ्या धमनीतील वाहते रक्त उष्णता वाहून नेते आणि भित्ती पुरेशी तापतच नाही. अशा ठिकाणी पारेच्या दोऱ्याला आजही पर्याय नाही. दुसरी मर्यादा कोळशाची. ऊतींवर एकदा काळा थर बसला की प्रकाश पाण्याऐवजी त्या थरात शोषला जातो, तापमान शेकडो अंशांनी चढते, आणि तरंगलांबीच्या निवडीने मिळविलेला सर्व लाभ निष्फळ होतो. तंतूचे टोक काळे पडल्यावर प्रत्येक लेसर केवळ तप्त सळई बनतो.

तिसरा धोका सहज ध्यानात येत नाही, म्हणून तो आकड्यांनी सांगणे इष्ट. मूत्रपिंडातील खडा फोडताना ३० वॅटची सरासरी शक्ती वापरली आणि तेथील २० मिलिलिटर द्रव काही कारणाने वाहता राहिला नाही, असे समजा. सारी ऊर्जा त्या पाण्यातच शोषली जाते. तापमान दर सेकंदास सुमारे ०.३६ अंशांनी वाढते. एका मिनिटात वाढ २१ अंशांवर जाते आणि शरीराच्या तापमानावरून आरंभ झाला असल्यास द्रव ५८ अंशांपर्यंत पोचतो. दुर्बिणीतून दिसणाऱ्या चित्रात या काळात काहीही वावगे दिसत नाही. मूत्रवाहिनी तर याहून अरुंद. तेथील द्रव अधिक अल्प. पाण्यात उत्तम शोषण हा जो या लेसराचा गुण, तोच येथे धोक्याचे कारण होतो. शक्ती मर्यादित ठेवणे, मधूनमधून थांबणे आणि द्रवाचा प्रवाह अखंड राखणे हेच यावरील उपाय होत.

चौथी गोष्ट डोळ्यांची. १.४ मायक्रोमीटरच्या पुढील प्रकाश दृष्टिपटलापर्यंत पोचत नाही म्हणून त्याला कधीकधी नेत्रसुरक्षित म्हटले जाते. हा शब्द दिशाभूल करणारा आहे. तो प्रकाश पारपटलातच शोषला जातो. कारण तेथेही पाणी आहे. या शक्तीचा किरण क्षणार्धात पारपटल भाजू शकतो, म्हणून योग्य तरंगलांबीचे चष्मे सर्वांनीच घातले पाहिजेत. तसेच स्वरयंत्राजवळ काम करताना श्वासनलिकेतील नळी व प्राणवायू यांमुळे आग लागण्याचा धोका असतो, आणि छेदनातून निघणारा धूर ओढून घेण्याची व्यवस्था असावी लागते.

उपसंहार

सुश्रुताने दहन शेवटी ठेवले, कारण त्याच्या काळी अग्नीला प्रमाण लावता येत नव्हते. तरंगलांबीने खोलीला, स्पंदाने काळाला आणि अंतराने तीव्रतेला प्रमाण लावता येऊ लागले, हे लेसर-शल्याचे खरे कार्य होय. परंतु या तिन्ही गोष्टी किरण सोडण्यापूर्वी ठरतात. किरण सुटल्यावर पृष्ठभागाखाली प्रत्यक्ष कोणते तापमान झाले आणि मृत थराची सीमा कोठे पडली, हे चिकित्सकाला त्या क्षणी दिसत नाही. तो ते रंगावरून, वाफेवरून आणि अनुभवावरून ताडतो. प्रोस्टेटच्या वेष्टनाबाहेरून जाणाऱ्या मज्जातंतूंपासून छेद एकदोन मिलिमीटरच दूर असतो, तेव्हा या अंदाजावर रुग्णाच्या पुढील आयुष्याचे स्वास्थ्य अवलंबून असते. ऊतींतून परतणाऱ्या प्रकाशावरून किंवा ध्वनीवरून ही अदृश्य सीमा शस्त्रक्रिया चालू असतानाच मोजता येईल काय, हा भौतिकी व वैद्यक या दोन्ही विभागांनी मिळून हाताळावयाचा प्रश्न आहे. त्यासाठी लागणारी मूलभूत समीकरणे पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पलीकडची नाहीत. शोषण, विसरण आणि प्रथिनांच्या बदलाचा वेग, एवढ्या तिहींची ती सांगड आहे.